गुत्त्यातले गिऱ्हाईक आणि कायदा

दारूच्या कायद्याची गोष्ट निघाली की लोकांच्या डोळ्यांपुढे सामान्यतः दोन माणसे उभी राहतात. एक चोरून भट्टी लावणारा, आणि दुसरा त्याला पकडणारा शिपाई. या दोघांच्या मधे बाकावर बसलेला, समोर पेला आणि फुटाण्यांची पुडी घेतलेला तिसरा माणूस सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. तो स्वतःही आपल्याला या प्रकरणात धरीत नाही. दारू त्याने गाळलेली नसते, विकलेली नसते. जागा त्याची नसते, नफाही त्याचा नसतो. पैसे मोजले, प्यालो आणि उठलो, परवाना असणे-नसणे ही मालकाची कटकट, अशी त्याची प्रामाणिक समजूत असते. ही समजूत कितपत खरी आहे, आणि ती खोटी ठरते तेव्हा त्या माणसावर काय ओढवते, याचा विचार रायपूर शहराच्या निमित्ताने करण्यासारखा आहे.

रायपूरच का, असा प्रश्न साहजिक आहे. छत्तीसगडची ही राजधानी मराठी माणसाला परकी नाही. अठराव्या शतकाच्या मध्यापासून १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा होईपर्यंत हा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात मोडत असे. त्या काळापासून तेथे मराठी कुटुंबे नांदत आली, आणि तात्यापारा या जुन्या वस्तीच्या नावात त्यांची खूण अजून शिल्लक आहे. पुढे मध्य प्रांत बनला, त्याची राजधानी नागपूर झाली, आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत रायपूरचा कारभार नागपुराहूनच चालला. म्हणून रायपूरच्या दारूच्या कायद्याचे मूळ शोधू गेल्यास वाट पुन्हा नागपूरलाच येऊन पोहोचते.

हा कायदा म्हणजे मध्य प्रांताचा १९१५ सालचा दुसरा कायदा, अबकारी कायदा. मध्य प्रांताचे कायदेमंडळ तेव्हा नुकतेच सुरू झाले होते. पुढे प्रांताचे नाव बदलले, सीमा बदलल्या, राज्यकर्ते बदलले. पण हा कायदा दुरुस्त्या अंगावर घेत टिकून राहिला. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य वेगळे झाले तेव्हा त्याने मध्य प्रदेशाकडून हाच कायदा वारशाने घेतला, आणि आज तो छत्तीसगड अबकारी अधिनियम, १९१५ या नावाने ओळखला जातो.

नागपूरने मात्र दुसरी वाट धरली. विदर्भ १९५६ साली द्विभाषिक मुंबई राज्यात आला. त्या राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा होता. १९५९ साली स्वतंत्र कायदा करून तो विदर्भालाही लागू करण्यात आला. अशा रीतीने सुमारे तीनशे किलोमीटरांच्या अंतरावरची, एकाच लोहमार्गावरची ही दोन शहरे दारूच्या बाबतीत दोन निराळ्या विचारसरणींखाली आली. हा फरक नीट समजला म्हणजे गिऱ्हाइकाची स्थिती आपोआप उलगडते.

१९१५ चा कायदा हा मुळात महसुलाचा कायदा होय. दारू पिणे चांगले की वाईट, या वादात तो शिरत नाही. सरकारचा कर न भरता दारू बनू नये, हलू नये, साठू नये आणि विकली जाऊ नये, एवढी त्याची मूळ चिंता. त्यामुळे त्याचा सगळा डोलारा परवाना या एका शब्दावर उभा आहे. एकवीस वर्षांच्या वरच्या माणसाने रीतसर दुकानातून बाटली घ्यावी आणि घरी नेऊन प्यावी, यात रायपूरचा कायदा त्याला गुन्हेगार ठरवीत नाही.

१९४९ चा कायदा याच्या उलट टोकापासून निघतो. दारू बाळगणे व पिणे हीच मुळात मनाईची गोष्ट. ज्याला मुभा पाहिजे त्याने ती मागून घ्यावी, असा त्याचा दंडक आहे. महाराष्ट्रात आज दारू सर्रास मिळते, तरी या कायद्याची चौकट कायम आहे, आणि पिणाऱ्याने स्वतःच्या नावाचा पिण्याचा परवाना जवळ ठेवावा अशी कागदोपत्री अपेक्षाही कायम आहे. ‘परमिट रूम’ ही पाटी महाराष्ट्राच्या गावोगावी दिसते. तिचे मूळ येथे आहे. परवाना असलेल्याने बसून प्यावयाची खोली, असा तिचा शब्दशः अर्थ आहे. वर्धा आणि गडचिरोली या जिल्ह्यांत तर तीही सोय नाही, कारण तेथे पूर्ण दारूबंदी आहे. थोडक्यात, नागपूरचा कायदा ‘पिणारा कोण आणि पितो कोठे’ असे दोन प्रश्न विचारतो. रायपूरचा कायदा प्रौढ माणसाला मुख्यतः दुसराच प्रश्न विचारतो: पितो कोठे?

या एका प्रश्नाने गिऱ्हाइकाची गाठ कायद्याशी पडते. छत्तीसगडात एप्रिल २०१७ पासून दारूची किरकोळ विक्री सरकारी महामंडळाने स्वतःकडे घेतली. दुकानात मिळणारी बाटली अर्थातच कायदेशीर असते. परंतु दुकान हे विकण्याचे ठिकाण आहे, पिण्याचे नव्हे. बाटली घेऊन माणूस बाहेर पडतो, आणि दहा पावलांवर चखन्याचे दुकान असते. तिखट चणे, उकडलेली अंडी, पाण्याची पिशवी, प्लास्टिकचा पेला आणि मागे ताडपत्रीखाली दोनचार बाके. दुकानदार दारू विकीत नाही, तो फक्त चखना विकतो. गिऱ्हाईक चोरटी दारू पीत नाही, ते सरकारी बाटलीतली पिते. तरीही परवानगी नसलेल्या त्या ताडपत्रीखाली दोघेही कायद्याच्या कक्षेत येतात; एक पिण्याची सोय करून दिली म्हणून, आणि दुसरा त्या सोयीचा लाभ घेतला म्हणून. बाटली निर्दोष असली तरी जागा सदोष असते, आणि हा कायदा जागा पाहतो.

अशा जागेची व्याख्या मुंबईच्या १९४९ च्या कायद्याने फार सविस्तर केली आहे, आणि रायपूरकडचा विचारही त्याच धर्तीचा आहे. व्याख्येचा सारांश असा, की ज्या जागेत मालकाच्या, भाडेकऱ्याच्या किंवा व्यवस्थापकाच्या लाभासाठी लोकांना दारू पिऊ दिली जाते, ती जागा म्हणजे गुत्ता. हा लाभ दारूच्या किमतीतूनच मिळाला पाहिजे असे नाही. बसण्याचे भाडे असो, पेल्याचे पैसे असोत, जेवणाचे बिल असो, की अन्य कोणत्याही मार्गाने आलेला फायदा असो, तो लाभच. क्लबासारख्या ठिकाणी एकापेक्षा अधिक माणसे नेहमी पिण्यासाठी जमू लागली, तर तेही या व्याख्येत येऊ शकते. म्हणजे पाटी ‘भोजनालय’ अशी असली तरी कायदा पाटी वाचून थांबत नाही.

लाभाची ही कसोटी ध्यानात आली म्हणजे अनेक शंका मिटतात. छत्तीसगडातील आदिवासी कुटुंबांना घरगुती वापरासाठी मोहाची पाच लीटरपर्यंत दारू गाळून ठेवण्याची मुभा आहे. त्यांच्या देवकार्यात आणि सणावारांत तिला स्थान आहे. अशा घरी पाहुण्यापुढे द्रोण ठेवला तर तो पाहुणचार झाला. त्याच घराच्या ओसरीवर दर पेल्यामागे पैसे घेऊन रोजचे गिऱ्हाईक बसू लागले, की पाहुणचार संपला आणि गुत्ता सुरू झाला. शेतघरावर तिकिटे लावून भरविलेली नववर्षाची मेजवानी आणि ही ओसरी यांच्यात झगमगाटाचा फरक आहे, कायद्याच्या नजरेत नाही. त्या मेजवानीसाठी प्रसंगापुरता परवाना काढलेला नसेल, तर रंगीत दिव्यांखाली बसलेला पाहुणाही ताडपत्रीखालच्या मजुराइतकाच अडचणीत असतो.

आता शिक्षेकडे वळू. छत्तीसगडच्या अधिनियमात छत्तिसाव्या कलमाला अक्षरे जोडून पुढची कलमे घातलेली आहेत. पिण्याची अनधिकृत सोय करून देणारा एका कलमाखाली येतो आणि पिणारा दुसऱ्या कलमाखाली. सार्वजनिक जागी पिणाऱ्यावर लागणारे ‘३६ च’ हे कलम रायपूरच्या वर्तमानपत्रांत वारंवार वाचावयास मिळते. जागा चालविणाऱ्यास कारावासापर्यंत जाणारी शिक्षा, आणि नुसत्या पिणाऱ्यास प्रामुख्याने दंड, अशी या कायद्यांची सर्वसाधारण वाटणी आहे. दंडाचे आकडे दुरुस्तीगणिक वाढत आले. तत्त्व तेच राहिले. मात्र गिऱ्हाइकाच्या पिशवीत कर चुकविलेली दारू मोठ्या प्रमाणात सापडली, तर तो पिणारा उरत नाही. ठराविक मर्यादेपलीकडे अशी दारू बाळगणाऱ्यास चौतिसाव्या कलमाखाली किमान एक वर्षाची कैद सोसावी लागते. मित्रमंडळींसाठी म्हणून खोके उचलून आणणाऱ्याने ही सीमारेषा विसरू नये.

नागपूरच्या बाजूला, म्हणजे १९४९ च्या कायद्यात, गुत्ता चालविणाऱ्यासाठी ६८ वे कलम आहे आणि गिऱ्हाइकासाठी ८४ वे. या ८४ व्या कलमाची रचना लक्षपूर्वक पाहण्यासारखी आहे. गुत्त्यात नशेत सापडलेला किंवा पिताना सापडलेला माणूस तर दोषी आहेच. पण पिण्याच्या हेतूने तेथे नुसता हजर असलेला माणूसही दोषी आहे. आणि हा हेतू सिद्ध कसा करावयाचा? तर गुत्त्यात पिणे चालू असताना जो कोणी तेथे आढळेल, तो पिण्यासाठीच आला होता असे न्यायालयाने गृहीत धरावे. तसे नव्हते हे दाखविण्याचा भार त्या माणसावर आहे. फौजदारी कायद्यात सामान्यतः दोष सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची असते. येथे तराजूचे पारडे थोडे कलते केले आहे. भावाला घरी न्यावयास आलेला मनुष्य, केवळ भाकरी खावयास बसलेला ट्रकचालक, उधारी वसूल करावयास आलेला वाणी, या सर्वांना आपला हेतू निराळा होता हे सांगण्याचा हक्क आहे. पण सांगावे त्यांनाच लागते. जेवणाची पावती, सोबत्याची साक्ष, वैद्यकीय तपासणीत मद्य न आढळणे, या गोष्टी अशा वेळी उपयोगी पडतात.

वैद्यकीय तपासणीच्या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल प्रसिद्ध आहेत. १९५१ साली मुंबईत कुलाब्याला एका जीपगाडीचा अपघात झाला. चालक बेहराम पेसिकाका यांच्या तोंडाला दारूचा वास आला म्हणून त्यांच्यावर दारूबंदी कायद्याखाली खटला झाला. औषधी द्रव्यांतील मद्याविषयीची या कायद्यातील बंदी सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी बलसारा खटल्यात रद्द ठरविली होती. तेव्हा पोटातील मद्य मनाईच्याच प्रकारचे होते हे दाखविण्याचा भार सरकारवर आहे, असे १९५४ साली ठरून पेसिकाका सुटले. यानंतर १९५९ च्या दुरुस्तीने नवी तरतूद आली: रक्तात शेकडा ०.०५ किंवा अधिक मद्यांश आढळल्यास खुलाशाचा भार आरोपीवर. दुसरा निकाल १९७१ चा. बच्चूभाई कर्याणी यांच्या खटल्यात न्यायालयाने म्हटले, की तोंडाचा वास, अडखळती चाल किंवा विस्फारलेल्या बाहुल्या एवढ्यावरून मनुष्य नशेत होता असे निश्चित म्हणता येत नाही. रक्ताची वा लघवीची तपासणी हवी. यावरून तपासणी टाळणे हे नेहमीच आरोपीच्या हिताचे असते असे नाही, हेही उघड होते. निर्दोष माणसाचा सर्वांत भक्कम साक्षीदार कित्येकदा त्याचे स्वतःचे रक्तच असते.

गुत्त्यावर धाड पडली म्हणजे प्रत्यक्षात काय घडते? पोलीस किंवा अबकारी खात्याचे अधिकारी पंचांसमक्ष पंचनामा करतात, बाटल्या आणि पेले जप्त करतात, हजर असलेल्यांची नावे लिहितात. अटक झाल्यास तिचे कारण जाणण्याचा, वकिलाचा सल्ला घेण्याचा आणि चोवीस तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभे केले जाण्याचा हक्क घटनेच्या बाविसाव्या अनुच्छेदाने प्रत्येकाला दिलेला आहे. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती विसाव्या अनुच्छेदाने अमान्य केली आहे. किरकोळ प्रकरणांत न्यायालयात उभे राहावे, ‘गुन्हा कबूल’ म्हणावे, दंड भरावा आणि दुपारपर्यंत घरी जावे, हा नेहमीचा शिरस्ता. बहुतेकांना यात सुटल्यासारखे वाटते.

आणि खरी मेख येथेच आहे. गुन्हा कबूल करून दंड भरणे म्हणजे सुटका नव्हे. ती दोषसिद्धी होय. सिनेमाचे तिकीट काढावे तसा तो व्यवहार त्या दिवशी वाटतो. चार वर्षांनी हाच तरुण पोलीस भरतीला जातो, रेल्वेत निवडला जातो किंवा शाळेत शिक्षक म्हणून लागतो, तेव्हा त्याच्यापुढे चारित्र्यपडताळणीचा छापील तक्ता येतो. ‘आपणांस कधी अटक झाली आहे काय? आपणांवर कधी खटला झाला आहे काय? शिक्षा झाली आहे काय?’ त्या पाचशे-हजार रुपयांची आठवण तेव्हा नको तितकी ठळक होते. पुष्कळ जण ‘नाही’ असे लिहून मोकळे होतात, आणि किरकोळ गुन्ह्यापेक्षा मोठी आपत्ती ओढवून घेतात. अवतार सिंग यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली या विषयाची सविस्तर फोड केली. उमेदवाराने दिलेली माहिती खरी असली पाहिजे. काही दडविले असल्यास नेमणूक रद्द होऊ शकते. मात्र गुन्हा अगदी क्षुल्लक असेल तर मालकाने तारतम्याने विचार करून त्याकडे दुर्लक्ष करावे, असा त्याचा आशय आहे. गुत्त्यातल्या संध्याकाळीपेक्षा तक्त्यावरचा खोटा शब्द महाग पडतो, हे तरुणांनी आणि त्यांच्या आईबापांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे.

गुत्त्यातून उठल्यावर गिऱ्हाइकाची गाठ आणखी काही कायद्यांशी पडते. सार्वजनिक जागी नशेत येऊन इतरांना उपद्रव देणाऱ्यास पूर्वीच्या दंडसंहितेत चोवीस तासांची साधी कैद किंवा दहा रुपये दंड होता. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३५५ व्या कलमाने तो दंड एक हजारापर्यंत नेला, आणि समाजसेवा ही एक नवीन शिक्षा पर्याय म्हणून दिली. गाडी चालविणाऱ्याची गोष्ट याहून कठीण. शंभर मिलिलीटर रक्तात तीस मिलिग्रॅमहून अधिक मद्य आढळल्यास पहिल्या वेळीच सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा मोटार वाहन कायद्यात २०१९ पासून आहे. आणि सोबतच्या अल्पवयीन मुलाच्या हाती हौसेने पेला देणाऱ्यास बाल न्याय कायद्याखाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आनंदात केलेली ही आगळीक किती भयंकर आहे, याची पुष्कळांना कल्पनाही नसते.

महामार्गावरील ढाब्यांचा प्रश्न याच संदर्भात पाहिला पाहिजे. राष्ट्रीय व राज्य महामार्गांपासून पाचशे मीटरांच्या आत दारूची दुकाने नकोत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये दिला, आणि लहान गावांसाठी तो पल्ला पुढे कमी केला. हेतू स्पष्ट होता: चालकाच्या हाताशी दारू असू नये. पण जेथे उघडे दुकान बंद होते, तेथे आडपडद्याने पाजणारा ढाबा पुढे सरसावतो. नागपूर ते रायपूर या रस्त्याने जाणाऱ्या मराठी प्रवाशाने एवढे जाणून असावे, की टेबलावर पाण्याच्या जगातून आलेले पेय काही आपसूक कायदेशीर होत नाही. परवाना आहे काय, असे मालकाला विचारण्यात कमीपणा नाही. परवानाधारक ते दाखवू शकतो. न दाखविणाऱ्याचे उत्तर न सांगताच मिळते.

येथवर दंड, कैद आणि नोकरी यांची गोष्ट झाली. परंतु गिऱ्हाइकाला होणारी सर्वांत जबर शिक्षा कोणत्याही न्यायालयात दिली जात नाही. परवान्याच्या दारूमागे निदान कोठार, शिक्का आणि तपासनीस असतो. गुत्त्यातल्या दारूमागे कोणीच नसते. तिची नशा वाढविण्यासाठी किंवा नफा वाढविण्यासाठी तीत मिथेनॉल, म्हणजे कारखान्यांत वापरला जाणारा काष्ठमद्यार्क, मिसळला जातो. तो चवीने ओळखू येत नाही. शरीरात यकृत त्याचे आधी फॉर्माल्डिहाइड आणि मग फॉर्मिक आम्ल बनविते. हे आम्ल रक्तात साठते आणि डोळ्यांच्या मज्जातंतूंवर घाला घालते. त्याला अनेक तास लागतात. म्हणून रात्री प्यालेला माणूस सकाळी उठतो, पोटात कळा येतात, डोळ्यांपुढे धुके पसरते, आणि मग वेळ हातची निघून जाते. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला अशा दारूने शंभराहून अधिक माणसे मेली. जुलै २०२२ मध्ये संपूर्ण दारूबंदी असलेल्या गुजरातेत, बोटाद परिसरात, चाळिसांवर बळी गेले.

अशा वेळी कायद्याविषयीची अर्धवट माहिती जीव घेते. आपण प्यालो हे कळले तर पोलीस पकडतील, या भीतीने पुष्कळ रुग्ण दवाखान्यात जात नाहीत, गेले तर खरे सांगत नाहीत. वास्तविक या विषावर उपचार आहेत, आणि ते जितके लवकर सुरू होतील तितके डोळे आणि प्राण वाचण्याची शक्यता अधिक. गिऱ्हाइकाच्या गुन्ह्याची शिक्षा मुख्यतः दंडाची आहे. उशिराची शिक्षा अंधत्वाची किंवा मरणाची आहे. या दोहोंत निवड करण्यासारखे काही नाही. घरातल्या माणसांनी दंडाचा हिशेब मागाहून करावा. आधी रुग्णाला डॉक्टरपुढे न्यावे आणि काय प्याला, कोठे प्याला, केव्हा प्याला, हे न लपविता सांगावे. त्या एका माहितीने त्याच बाकावर बसलेल्या दुसऱ्या दहांचे प्राण वाचू शकतात.

गिऱ्हाइकाला शिक्षा करावी की नाही, याबाबत जगात एकमत नाही. अमेरिकेत १९२० ते १९३३ या काळात देशव्यापी दारूबंदी होती. पण बंदी होती ती बनविण्यावर, विकण्यावर आणि वाहून नेण्यावर. पिणे हा त्या केंद्रीय कायद्याने गुन्हा ठरविलेला नव्हता. बिहारने २०१६ साली उलट टोक गाठले आणि पिणाऱ्यास थेट तुरुंग दाखविला. न्यायालये व तुरुंग भरून गेल्यावर २०२२ साली पहिल्या वेळेस पिणाऱ्याला दोन ते पाच हजार रुपये दंड, आणि तो न भरल्यास महिनाभर कैद, अशी सौम्य व्यवस्था आली. आपल्या घटनेच्या सत्तेचाळिसाव्या अनुच्छेदाने दारूबंदीच्या दिशेने जाण्याचे राज्याला सांगितले आहे. वेग आणि वाट मात्र प्रत्येक राज्यावर सोपविली आहे.

या साऱ्याला एक दुसरी बाजूही आहे, आणि ती न सांगणे अन्यायाचे होईल. रायपूरसारखा कायदा जागेवर बोट ठेवतो. तेव्हा ज्याच्याजवळ जागा आहे तो सुखरूप राहतो. बंगल्याच्या दिवाणखान्यात किंवा क्लबाच्या खुर्चीत बसणाऱ्याला ‘३६ च’ ठाऊक असण्याचे कारण पडत नाही. एका खोलीत पाच माणसे राहणारा मजूर, परगावाहून आलेला हमाल, रिक्षावाला, हे सरकारी दुकानातून रीतसर किंमत मोजून बाटली घेतात आणि ती उघडावी कोठे हा प्रश्न घेऊन रस्त्यावर उभे राहतात. विकणारे सरकार, कर घेणारे सरकार आणि दंड करणारेही सरकार, हा विरोधाभास त्यांना कायद्याच्या पुस्तकाशिवायही समजतो. त्याच वेळी हेही खरे, की त्या ताडपत्रीवरून शाळेला जाणाऱ्या मुली, शेजारची दुकाने आणि संध्याकाळी रिकामा खिसा घेऊन आलेल्या नवऱ्याची वाट पाहणारी घरे यांचाही त्या रस्त्यावर हक्क आहे. छत्तीसगडात गुरू घासीदासांनी आपल्या सतनामी अनुयायांना दारूपासून दूर राहण्याची शिकवण दिली. विदर्भात गाडगे महाराजांनी कीर्तनांतून तेच सांगितले. या दोन्ही संतांनी गिऱ्हाइकाला क्षुद्र मानले नाही. त्याला थेट साद घातली, कारण गुत्ता मालकाच्या भांडवलावर उभा असला तरी चालतो तो गिऱ्हाइकाच्या पैशावर, हे त्यांनी ओळखले होते.

कायद्यानेही आपल्या रुक्ष भाषेत हेच ओळखले आहे. परवान्याशिवाय चालणाऱ्या जागेत बसलेला माणूस हा त्या व्यवहारातला बघ्या नव्हे, भागीदार आहे, असे तो मानतो. त्याचा भाग लहान म्हणून शिक्षा लहान, एवढाच फरक. सामान्य माणसाने या विषयातून बाळगावयाच्या गोष्टी चारच. बाटली कायदेशीर असली म्हणजे जागा कायदेशीर होत नाही. नाव विचारले गेले तर आपला हक्क जाणून, पण खरे बोलून वागावे, आणि वकिलाला विचारल्यावाचून ‘गुन्हा कबूल’ म्हणण्याची घाई करू नये. भरलेला दंड पुढे कोणत्याही छापील तक्त्यावर लपवू नये. आणि पेल्यानंतर दृष्टी अंधुक झाली, तर पोलिसाचा विचार न करता दवाखाना गाठावा.